आवाजांची वही: शब्दकोड्यांतल्या ऑपेरा गायकांच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

कामाला नाव दिलं, 'आवाजांची वही'. माझी भाची न्यू जर्सीत असते आणि अमेरिकन पद्धतीची इंग्रजी शब्दकोडी सोडवते. सोमवार-मंगळवारची कोडी तिची चहा संपायच्या आत होतात. पण ही कोडी आठवडाभर चढत्या क्रमाने अवघड होत जातात, शनिवारी सगळ्यांत कठीण. गुरुवारपासून तिची गाडी अडते, आणि अडते ती बहुतेक वेळा माणसांच्या नावांवर. त्यातही ऑपेरा गाणाऱ्यांच्या.

"मावशी, तू तर हे सगळं आयुष्यभर ऐकत आलीस. मला चार-पाच अक्षरी गायकांची एक यादी करून दे ना."

यादी करायला वेळ लागणार नाही. पण पाठ केलेली यादी टिकत नाही, आवाज ऐकला की नाव टिकतं, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून नियम असा: आधी त्या व्यक्तीचं एक ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं, मग नोंद. न ऐकता कुणालाही वहीत प्रवेश नाही.

रकाने आखले. घरांची संख्या, नाव, नावाचा उरलेला अर्धा भाग, आवाजाची जात, गाजलेली एक भूमिका, एक हकीकत, आणि शेवटचा रकाना 'हेच नाव आणखी कुणाचं'. नोकरी ग्रंथालयात झाल्यामुळे हात आपोआप वर्णक्रमाकडे जातो, पण इथे क्रम घरांच्या संख्येचाच ठेवायला हवा. कोडं सोडवणाऱ्याला आधी रिकामी घरं दिसतात, आडनाव नंतर.

८ जानेवारी

पुढचं सगळं ज्यावर उभं राहणार ते आधी लिहून ठेवते. कोड्यात कुणाची वर्णी लागते ते कीर्तीवर ठरत नाही, अक्षरांवर ठरतं.

अमेरिकन दैनिकातल्या रोजच्या कोड्याची चौकट १५ बाय १५ ची असते, रविवारची २१ बाय २१ ची. प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत बसावं लागतं. दोन अक्षरी शब्द चालत नाही. चौकट उलटी धरली तरी काळ्या घरांची नक्षी तशीच दिसली पाहिजे. इतक्या बंधनांत रचणाऱ्याला सतत लहान, स्वरांनी भरलेले शब्द लागतात. 'आरिया' (ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं) हा शब्द इंग्रजीत चार अक्षरांचा आणि त्यात तीन स्वर. व्हेर्दी या संगीतकाराच्या 'आइदा' या ऑपेराचं तेच. पाव्हारॉट्टी नऊ अक्षरांचा, जागा अडवून बसणारा, म्हणून तो क्वचित येतो. एझिओ पिन्झाचा 'एझिओ' मात्र चार अक्षरांत तीन स्वर आणि वर एक झेड घेऊन येतो. इरा पेटिना, एबे स्टिन्यानी, आल्मा ग्लुक, लिली पॉन्स, एर्ना बर्गर ही सगळी त्याच वाटेने आलेली मंडळी.

दुसरं कारण काळाचं आहे. आर्थर विन या लिव्हरपूलच्या माणसाने पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापलं. १९२४ मध्ये कोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं आणि अमेरिकेला वेड लागलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे, म्हणजे 'मेट'चे, प्रयोग १९३१ च्या नाताळापासून रेडिओवर थेट ऐकू येऊ लागले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने कोडं सुरू केलं १९४२ मध्ये. म्हणजे कोडी ज्या घरांत सोडवली जात होती, त्याच घरांत शनिवारी दुपारी रेडिओवर हे गायक गात होते. तेव्हा 'एझिओ' हे घरातलं नाव होतं. रेडिओसमोर बसणारी ती पिढी गेली, नावं कोड्यांत राहिली.

१२ जानेवारी

पहिलं पान. चार घरं, एझिओ. आवाज बास, म्हणजे पुरुषांतला सगळ्यांत खालचा.

ऐकलं ते व्हेर्दीच्या 'सिमोन बोकानेग्रा'तलं फिएस्कोचं गाणं. मुलगी गेलेला बाप. मागे कोरसमधून शोकाचे सूर येतात आणि हा एकटा पुढे उभा राहून गातो. सुरुवातीला आवाजात राग आहे, मग तो राग हळूहळू विरत जातो. शेवटी सूर पायरी पायरीने खाली उतरतो. अगदी तळाला पोचल्यावरही पिन्झाचा आवाज बसत नाही, पसरट होत नाही, शब्द स्वच्छ कळतो. खर्जात इतका भरीव राहणारा आवाज फार थोड्यांकडे असतो. पुन्हा लावलं, डोळे मिटून ऐकलं. आता 'एझिओ' विसरणं शक्य नाही.

हकीकत: जन्म रोम, १८९२. मेटमध्ये १९२६ पासून १९४८ पर्यंत. पन्नाशी उलटल्यावर ऑपेरा सोडून ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांत, गेला आणि १९४९ मध्ये 'साउथ पॅसिफिक'मधल्या फ्रेंच मळेवाल्याची भूमिका इतकी गाजवली, की ऑपेराचं तोंड न पाहिलेली माणसंही त्याला ओळखू लागली. म्हणून त्याचा क्लू, म्हणजे कोड्यातली सूचना, दोन दिशांनी येऊ शकतो, एकदा 'बास पिन्झा' म्हणून, एकदा ब्रॉडवेचा तारा म्हणून. दोन्ही लिहून ठेवलं.

१८ जानेवारी

भाचीने जुन्या कोड्यांच्या पुस्तकातल्या एका कोपऱ्याचा फोटो पाठवला. क्लू होता 'सोप्रानो ग्लुक'. सोप्रानो म्हणजे बायकांतला सगळ्यांत उंच आवाज. चार घरं. उभ्या शब्दांवरून तिसरं घर एम आणि चौथं ए इतकं भरलेलं.

"मावशी, एमा का आल्मा?"

दोन्ही बसतात, म्हणून हा कोपरा वहीत सविस्तर घेते. एमा नावाच्या दोन मोठ्या सोप्रानो होऊन गेल्या, एमा ईम्स आणि एमा काल्व्हे. आल्मा म्हणजे ग्लुक. दोन्ही नावांत शेवटची दोन अक्षरं तीच, पहिलं अक्षर दोन्हीकडे स्वर. इथे पहिल्या घराच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथल्या उभ्या शब्दात ई आणि ए दोन्ही खपून जाण्याची शक्यता बरीच असते. दुसऱ्या घराचा उभा शब्द आधी सोडवायचा. तिथे एल आला तर आल्मा, एम आला तर एमा. एल आणि एम एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. तिने तो शब्द काढला, एल आला, कोपरा सुटला.

अर्थात क्लूमध्ये ग्लुक लिहिलेलं असताना ही कसरत करायची वेळ येऊ नये, त्यासाठी तर वही. म्हणून रात्री आल्मा ग्लुक ऐकली. शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीची खरखर आहे, पण त्या खरखरीतून येणारा आवाज हलका, सरळ, कुठेही जोर न लावणारा. रुमानियात १८८४ मध्ये जन्म, लहानपणीच अमेरिकेत. तिच्या तबकड्या अफाट खपल्या. नवरा व्हायोलिनवादक एफ्रेम झिंबालिस्ट, आणि मुलगा त्याच नावाचा नट. 'एफ्रेम' हे पाच घरांचं नाव कोड्यांत येतं ते या बाप-लेकांमुळे. एका कुटुंबातून दोन नोंदी मिळाल्या, पाच घरांच्या पानाचा श्रीगणेशा झाला.

एमा ईम्सची हकीकतही लगेच घेतली. जन्म शांघायचा, १८६५. तिचं आडनाव पाच घरांत येतं, पण हल्ली त्या जागी बहुतेक वेळा खुर्च्यांचे डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स अपेक्षित असतात. याच जोडप्याने भारत सरकारच्या बोलावण्यावरून १९५८ मध्ये 'इंडिया रिपोर्ट' लिहिला, त्यात आपल्या साध्या लोट्याच्या घडणीचं मनापासून कौतुक केलं, आणि त्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. शेवटचा रकाना पहिल्यांदाच पूर्ण भरला.

२६ जानेवारी

आजचा दिवस त्या शेवटच्या रकान्याचाच.

टिटो: चार घरं. बॅरिटोन (पुरुषांतला मधला आवाज) टिटो गॉबी, टेनर (पुरुषांतला उंच आवाज) टिटो स्किपा, बँडवाला टिटो प्युएन्ते, युगोस्लाव्हियाचे मार्शल टिटो. क्लूमधला दुसरा शब्द नीट वाचायचा, एवढंच.

लुइसा: पाच घरं. टेट्राझिनी, किंवा व्हेर्दीची 'लुइसा मिलर'. लुइसा टेट्राझिनी १९१० च्या नाताळाच्या आदल्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत भर रस्त्यावर, उघड्या आकाशाखाली गायली होती. तिच्या आडनावाची चिकनची डिश अमेरिकेत अजून होते, त्यामुळे क्लू स्वयंपाकघरातूनही येऊ शकतो. मेल्बाचंही तसंच. नेली मेल्बा ऑस्ट्रेलियाची, मेलबर्नवरून तिने रंगमंचावरचं नाव घेतलं, आणि एस्कोफिए या बल्लवाचार्याने पीच मेल्बा तिच्यासाठी केलं. पाच घरं आणि क्लूमध्ये पीच किंवा टोस्ट दिसला की मेल्बा.

राइझ हे सगळ्यांत फसवं. मेझो सोप्रानो (बायकांतला मधला आवाज) रीसा स्टीव्हन्सचं पहिलं नाव कागदावर हुबेहूब 'उठणे' या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदासारखं दिसतं, कारण तिच्या नावातल्या ई वरचे दोन ठिपके चौकटीत लिहीत नाहीत. उभ्या शब्दांनी अक्षरं भरली गेली की माणूस म्हणतो, हे काय नाव झालं? पण तेच नाव. तिची 'कार्मेन' ऐकली. धीट, रुबाबदार.

आणि 'मेट'. क्लूचा पहिला शब्द नेहमी मोठ्या अक्षराने सुरू होतो, त्यामुळे तिथे असलेलं 'मेट' हे 'भेटला' आहे की मेट्रोपॉलिटन, ते दिसून कळत नाही. रचणारे याचा पुरेपूर फायदा घेतात. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर शब्दखेळ आहे हे पक्कं समजायचं. क्लूमध्ये संक्षेप असेल तर उत्तरातही संक्षेप, क्लू अनेकवचनी तर उत्तरही अनेकवचनी. हे पान वहीच्या सुरुवातीला चिकटवणार.

२ फेब्रुवारी

ब्रिटिश पद्धतीच्या गूढ कोड्यांवर एकच पान देते, जास्त नाही. भाची ती सोडवत नाही. तिथे प्रत्येक अक्षराला दोन्ही बाजूंचा आधार नसतो, क्लूमध्येच दोन वाटा असतात, एक अर्थाची आणि एक घडणीची. कारूसो हवा असेल तर गाडीची 'कार', पुढे अमेरिकेचं 'यूएस', शेवटी वर्तुळाचा 'ओ'. 'डिव्हा'ची अक्षरं उलटी वाचली की 'उत्सुक' या अर्थाचा इंग्रजी शब्द मिळतो. लंडनच्या 'द टाइम्स'च्या कोड्यात राजा किंवा राणी सोडून हयात व्यक्तीचं नाव घ्यायचं नाही, हा संकेत फार वर्षं पाळला गेला. त्या हिशेबाने सोप्रानो मारिया कॅलसला तिथे जागा मिळाली असेल ती १९७७ नंतर, ती वारल्यावर. अमेरिकन कोड्यात असं बंधन कधीच नव्हतं, आणि मला ते न घालणंच बरं वाटतं. गाणारा गात असताना त्याचं नाव कागदावर यावं.

९ फेब्रुवारी

कारूसो. एन्रिको सहा घरं, कारूसोही सहा घरं. याच्यासाठी दिवसभर दुसरं काही घेतलं नाही.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग मिलानच्या एका हॉटेलात यंत्र मांडून बसला आणि तरुण कारूसोकडून त्याने दहा गाणी गाऊन घेतली. ठरलेले पैसे शंभर पौंड. कर्ण्यासमोर उभं राहून गायचं, एकदा चुकलं की मेणाची तबकडी वाया. त्या तबकड्यांनी ग्रामोफोनला खेळण्यातून उचलून बैठकीच्या खोलीत आणलं.

तोच गाइसबर्ग त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. आपल्या हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्यांची सुरुवात तिथली. गौहरजान तबकडीच्या शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगते, 'माय नेम इज गौहरजान', कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्या कामगारांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळायला हवं होतं.

दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकली. कारूसोचा आवाज त्या अरुंद कर्ण्यातूनही पुढे झेपावतो, वरच्या सुरावर गेला की तबकडीला तो मावत नाही असं वाटतं. गौहरजान तीन मिनिटांत राग मांडते, ताना घेते, आणि शेवटी खणखणीत आवाजात नाव. दोघांच्या मध्ये एकच माणूस, एकच यंत्र, एकच वर्ष. वहीत कारूसोच्या पानावर गौहरजानची नोंद केली. कोड्यांत ती येत नाही, पण माझ्या वहीत येणार.

१६ फेब्रुवारी

मरिअन, सहा घरं. 'कॉन्ट्राल्टो अँडरसन' असा दोन शब्दांचा क्लू असतो. कॉन्ट्राल्टो म्हणजे बायकांतला सगळ्यांत खालचा आवाज. त्या दोन शब्दांमागे काय आहे ते भाचीला कळलं पाहिजे, म्हणून हे पान लांबलं.

१९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या मालक संस्थेने मरिअन अँडरसनला केवळ ती कृष्णवर्णीय म्हणून सभागृह नाकारलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेचं सदस्यत्व सोडलं. ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून गायली. समोर सुमारे ७५,००० माणसं, शिवाय रेडिओ. त्या दिवसाचं चित्रीकरण उपलब्ध आहे. फरचा कोट, थंडी, समोर मायक्रोफोनची रांग, डोळे मिटलेले. आवाज खोल, संथ, कसलीही घाई नसलेला. मेटने तिला गायला बोलावलं ते ७ जानेवारी १९५५ ला, व्हेर्दीच्या 'उन बालो इन मास्केरा'मध्ये. तिथे गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत, तेव्हा तिचं वय ५७. आवाजाची उमेदीची वर्षं तोवर सरली होती, याचं मला आजही वाईट वाटतं. १९५७ मध्ये आशियाच्या दौऱ्यात ती भारतातही येऊन गायली.

तिच्यामुळे उघडलेल्या दारातून १९६१ मध्ये लिऑन्टीन प्राइस आली, आणि १९८५ मध्ये 'आइदा' गाऊन तिने मेटचा निरोप घेतला. त्या निरोपाच्या प्रयोगातलं तिसऱ्या अंकातलं मायदेशाच्या आठवणीचं गाणं ऐकलं. टाळ्या थांबत नाहीत आणि ती भूमिका न सोडता तशीच उभी राहते. 'आइदा' या चार घरांसमोर यापुढे मी प्राइसचंच नाव लिहिणार.

२४ फेब्रुवारी

भाचीचा आग्रह होता आपल्याकडच्या नावांचा, आणि तो रास्तच आहे. झुबिन पाच घरं, मेहता पाच घरं. जन्म मुंबईचा, १९३६ चा. वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. ७ जुलै १९९० ला, फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, रोममध्ये पाव्हारॉट्टी, डोमिंगो आणि कारेरास हे तीन टेनर एकत्र गायले, तेव्हा त्यांच्यापुढे छडी घेऊन उभे होते ते मेहताच. या एका मैफिलीवरून चार नोंदी भरल्या. बाकी रवी, चार घरं, सतारीसह. नेहरू, पाच घरं, जाकीटासह. साबू, चार घरं, म्हैसूरकडचा माहुताचा मुलगा जो १९३७ मध्ये सिनेमात गेला. आणि गोवा, तीन घरं, 'भारतातली पूर्वीची पोर्तुगीज वसाहत' म्हणून.

आज एक नाव मी आपणहून घातलं, पॅट्रिशिया रोझारिओ. मुंबईत जन्मलेली, गोव्याच्या घरातली सोप्रानो. इंग्लंडमध्ये नाव कमावलं, संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी तिच्या आवाजासाठी कितीतरी रचना लिहिल्या. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा तिथे तिचं गाणं झालं. टॅव्हनरच्या रचनांत तिचा आवाज उंचावर जाऊन बराच वेळ तिथेच, जवळजवळ न हलता राहतो. ऐकणाऱ्याचा श्वास लांबतो.

आणि आता आडनाव इंग्रजीत घरं मोजून लिहून पाहा. आर, ओ, झेड, ए, आर, आय, ओ. सात घरं, शेवटचा ओ सोडला तर एक व्यंजन एक स्वर अशी सलग वीण, चार स्वर, तिसऱ्या घरात झेड. कोडं रचणाऱ्याने मागून घ्यावं असं नाव आहे हे. कुणी रचणारा मराठी माणूस हे वाचत असेल तर त्याला माझी विनंतीच आहे.

३ मार्च

वहीची परीक्षा. भाचीला जुन्या पुस्तकातलं शुक्रवारचं कोडं निवडायला सांगितलं आणि व्हिडिओ कॉलवर बसलो. 'मेझो स्टिन्यानी', तीन घरं. ती लगेच म्हणाली, "एबे! कॅलसबरोबर 'नॉर्मा'त होती ती." तिला नाव आठवलं ते १९५२ च्या लंडनच्या प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणामुळे. त्यात कॅलस नॉर्मा आहे, स्टिन्यानी आदाल्जिसा, आणि दासीच्या छोट्याशा भूमिकेत तरुण जोन सदरलँड. दोघींच्या द्वंद्वगीतात आवाज एकमेकींत मिसळतात तो भाग तिने दोनदा ऐकला होता.

अडली ती दोन नावं एकमेकांना छेदत होती तिथे. आडवं एक नदीचं नाव, उभं एका जुन्या बेसबॉलपटूचं, सामाईक अक्षर दोन्हीकडून अंदाजाचं. अमेरिकन कोडेबाज अशा जागेला 'नेटिक' म्हणतात. २००८ मधल्या एका कोड्यात बॉस्टन मॅरेथॉनच्या वाटेवरचं नेटिक हे गाव आणि चित्रकार एन. सी. वायेथ एन या अक्षरावर छेदले होते, त्यावरून. माझ्या मते हा रचणाऱ्याचाच दोष. नावाला छेद देणारा शब्द साधा असलाच पाहिजे, म्हणजे न ओळखीचं नावही अक्षर अक्षर करून भरता येतं आणि माणूस एक नवा गायक शिकून उठतो. सोडवणाऱ्याने काय करायचं? इटालियन पुरुषाचं पहिलं नाव बहुधा ओ ने संपतं, बाईचं ए ने. आंद्रेआ बोचेली आणि लुका यांसारखे अपवाद असतात, तरी अंदाजाला पाया मिळतो. हे सुरुवातीच्या पानावर घातलं.

१६ मार्च

तीन, चार आणि पाच घरांची पानं स्वच्छ लिहून स्कॅन केली आणि पाठवली. तिच्या ऑफिसातल्या दोन मराठी मैत्रिणींनीही मागितली आहेत, त्यांच्यासाठी प्रत्येक नोंदीखाली कोणतं ध्वनिमुद्रण ऐकायचं ते ठळक केलं.

राहिलेलं: यिमा सुमाक तीन घरांत घ्यायची आहे. पेरूची, चार सप्तकांहून मोठा पल्ला. तिचं नाव उलटं वाचून ती खरी ब्रुकलिनची एमी कामस आहे अशी खोटी आवई उठवली होती, ती हकीकत घालायची. किरी ते कनावाच्या पानावर १९८१ च्या राजघराण्यातल्या लग्नातलं हँडेलचं गाणं ऐकून झालं, लिहायचं राहिलं. बासच्या पानावर पिन्झाखाली चेझारे सिएपी. पहिलं नाव सहा घरं, आडनाव पाच. साल्झबर्गच्या 'डॉन जिओव्हानी'चं १९५४ चं चित्रीकरण मिळालं आहे, पण ते जवळजवळ तीन तासांचं आहे, तेव्हा पुढच्या रविवारी. सहा घरांची पानं एप्रिलमध्ये घेते.